गांधीलमाश्यांची फौज कॉफीच्या डोंगरावर चाकरीस राहिली त्याची हकीकत

श्री. पान घडविणाऱ्यास नमन, आणि पान खाणारी अळी घडविणाऱ्यासही नमन, कारण कर्ता एकच. शके सतराशे एक, विकारी नाम संवत्सर, चैत्रमासी महाराजांच्या कॉफीच्या डोंगरावर अळीची धाड आली. अळी ऐसी की पानाच्या आत शिरून पोखरी, आणि वरून डाग तेवढा दिसे. महाराजांस सकाळी कॉफी पोटात गेल्यावाचून कोणाचा मुजरा दिसत नसे, सबब अवघी दौलत चिंतेत पडली. सेनापती हणगोजीराव मिशीस पीळ देऊन बोलिले, "गंधकाचा धूर करून डोंगर कोंडून टाकितो." तेव्हा दरबारचे गणक निळोपंत, जे एरवी खोकताना देखील परवानगी घेत, ते धूळपाटी घेऊन उठले, आणि धुळीत दोन रेघा काढिल्या, एक अळीची, दुसरी अळी खाणाऱ्या गांधीलमाशीची. मग बोलिले, "महाराज, अळी वाढली म्हणजे माशीस खाणे मिळते आणि माशी वाढते, माशी वाढली म्हणजे अळी उतरते. धुराने दोन्ही मरतील, पण अळी आधी परतेल. माश्यांची पोळी आणून झाडांस टांगावी. आज शंभर कोवळ्या पानांत साठ पोखरलेली आहेत, चाळिसावे दिवशी वीस भरतील." महाराजांनी पुसिले, "न भरली तर?" पंत बोलिले, "गणकी सोडीन." बोलून गेले आणि मग जीभ चावली, कारण घराण्यात सात पिढ्या गणकी, आणि पंतांस दुसरे म्हणून काही येत नव्हते, साधे ताक घुसळणेही नाही.

मग पोळी आली, टांगली गेली, आणि चाळिसावे दिवशी बकुळा माळणीने पाने मोजिली ती सत्तर भरली. दरबार पोट धरून हसला. पंतांचे डोळे भरून आले. महाराजांनी दया करून बारा दिवसांची मुदत दिली, आणि गंधक कांडून ठेवण्यास सांगितले. पंत तडक डोंगर चढले आणि बकुळेस पुसते जाहले, की चुकले कोठे? ती म्हणाली, "पंत, तुमच्या माश्या पानाकडं ढुंकून बघत न्हाईत. समद्या त्या परातींवर बसत्यात." पाहतात तो प्रत्येक पोळ्याखाली गूळपाण्याची परात! हणगोजीराव जातीने शिधा वाटीत उभे. म्हणाले, "फौज चाकरीस राहिली की त्याच दिवशी शिधा सुरू, ही या दौलतीची चाल. माझ्या हाताखाली उपाशी शिपाई नाही!" पंतांनी कपाळास हात लाविला, आणि मग त्यांस हसूच आवरेना. धुळीत त्यांनी माशीची भूक धरिली होती, सेनापतींची माया धरिली नव्हती. पंत बोलिले, "राव, पराती उचला." राव कडाडले, "उपाशी फौज लढत नाही!" पंत प्रथमच आवाज चढवून बोलिले, "ही उपाशी असेल तरच लढते!" राव चकित जाहले, आणि पराती उचलल्या.

बारावे दिवशी पाने मोजिली ती बावीस. दरबारात जयघोष जाहला, आणि पंत वरच्या दोन पानांपायी थोडे खट्टू जाहले. महाराज कॉफी घेऊन प्रसन्न, आज्ञा करिते जाहले, "हणगोजीराव, आता उरली अळीही धुराने निःशेष करा." तोच पंतांनी लोटांगण घातले, "महाराज, मारू नये! अळी संपली तर माशी उपाशी मरेल, आणि पुढले साली अळी येईल तेव्हा डोंगरावर तिला खाणारे कोणी नसेल. शत्रूस जीवदान द्यावे." महाराजांनी दुसरा पेला मागविला, तो सावकाश संपविला, आणि सनद करविली, की डोंगराच्या उत्तर अंगाची झाडांची एक रांग अळीस वंशपरंपरेने इनाम. सनद स्वीकारण्यास अळीतर्फे कोणी हजर नव्हते, म्हणून ती हणगोजीरावांनी मान खाली घालून घेतली.

येणेप्रमाणे धाड उतरली, फौज उपाशी राहून जिंकली, पंतांची गणकी राहिली, आणि शत्रू इनामदार जाहला. घडले तैसे लिहिले.