वानखडे सरांच्या म्हशींची परीक्षा

आमच्या शेजारच्या वानखडे सरांच्या गोठ्यात दर दोन म्हशींच्या मधे एक फळी आहे. एकीनं दुसरीच्या गव्हाणीत डोकावू नये म्हणून. डोकावलीच, तर सर ओरडतात, "नजर आपल्या पेपरवर!"

सर भातकुलीत गणित शिकवायचे. कॉपीचे कट्टर वैरी. एकदा त्यांनी मेव्हण्याच्याच पोराला मोज्यातल्या चिठ्ठीसकट पकडलं, तेव्हापासून सासुरवाडीचं दार बंद. मला हा माणूस फार आवडतो. तत्त्वासाठी सासुरवाडी गमावणारे आपल्याकडे आहेत किती?

म्हणून अकोल्याच्या एक संशोधक मॅडम सरांच्या म्हशींचे केस न्यायला आल्या, तेव्हा सरांच्या बाजूनं लढायला मी पत्रकं घेऊनच धावले. केसाच्या मुळाशी जनुकं असतात, ती वाचली की कुठल्या म्हशीच्या वगारी पुढे जास्त दूध देतील याचा अंदाज येतो, असं मॅडम समजावत होत्या. माझ्या पत्रकाचा मथळा होता, 'म्हशीच्या जनुकांवर मालकी कुणाची?'

"माही," सर म्हणाले. "आता घोषणा राहू दे अन् चहा ठेव, पोरी."

मॅडमनी प्रत्येक म्हशीच्या नावाचं एकेक पाकीट दिलं. केस उपटताना मात्र सरांनी कुणालाच आत येऊ दिलं नाही. "परका हात लागला का लाथ मारते."

दारात त्यांचा मुलगा नीलेश उभा होता. काकू वारल्यापासून बापलेकांत दुधापुरतंच बोलणं. तो मॅडमना म्हणाला, "ज्या पास होतीन त्या ठेवू. बाकीच्या बाजारात."

काही आठवड्यांनी मॅडम परत आल्या. चेहरा गोंधळलेला. "सर, पाचही पाकिटांत एकाच म्हशीचे केस आहेत."

मला स्फुरणच चढलं. मी नीलेशकडे वळले. "यंत्र चुकलं! आणि याच यंत्राच्या भरवशावर तुम्ही म्हशी बाजारात धाडणार?"

"मशीन बरोबर हाये," सर म्हणाले. "सगळे केस गौरीचे. सगळ्यात हुशार तेच. म्या बाकीच्याइले कॉपी करू देल्ली."

यंत्र खरं, सर खोटे आणि माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा. आता कुणाच्या बाजूनं ओरडायचं?

"सर, तुम्ही?"

"भुरी नापास झाली असती ना." सरांनी कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या म्हशीकडे पाहिलं. "आटली ते कवाचीच. पन तुही काकू रोज संध्याकाळी इथं बसून हिच्याशी बोले. ते गेली. आता मी बोलतो."

मॅडमना केस पुन्हा हवे होते. त्यांनी नवी पाकिटं काढून गव्हाणीच्या काठावर ठेवली.

नीलेशनं त्यातलं भुरीचं पाकीट उचललं आणि चुरगळून खिशात कोंबलं. "मॅडम, चारच घ्या." मग बापाकडे न बघता म्हणाला, "बाबा, तुमी मले नुसतं सांगाचं होतं."

"आपल्यात बोलते कोन?"

नीलेशनं एक रिकामी बादली पालथी केली आणि भुरीशेजारी त्या बादलीवर बसला. "बोला," तो म्हणाला.

सरांनी घसा खाकरून विचारलं, "जेवला का बे?"