चित्र ग्राह्य धरावे

नाट्यगृहाच्या तिकीट खिडकी क्रमांक दोनवर बसणाऱ्या चिमणीने एका रिकाम्या दुपारी आपल्या आत्याला राजकन्या केलं. हेतू चांगला होता. हे आधीच नमूद केलेलं बरं, कारण पुढे जे जे झालं त्यात प्रत्येकाचाच हेतू चांगला होता.

आत्या त्याच नाट्यगृहात बावीस वर्षं विनोदी संगीतिकांची नायिका होती. तीन नवरदेवांना पिठात लोळवणारी गिरणीवाली, सेनापतीला कांदे सोलायला बसवणारी स्वयंपाकीण, मंत्र्याचे कपडे परत द्यायला साफ नकार देणारी धोबीण, सगळ्या तीच. ती उभी राहिली की रंगमंच भरायचा. तिने वरचा सूर लावला की शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूस दचकून टाळ्या वाजवायचा. आईबापाविना पोर म्हणून चिमणीला तिनेच वाढवलं होतं. चिमणी विंगेतल्या ट्रंकेवर बसून गृहपाठ करत मोठी झाली आणि आत्यावर तिचा जीव होता.

म्हणून तिने त्या नायिकांना कार्टूनपटातल्या राजकन्या केलं. डोळे बशीएवढे, कंबर बांगडीतून जाईल एवढी, नाक असून नसल्यासारखं, आणि खांद्यावर एक समजूतदार खार. राजकन्या काढायची तर अशीच काढतात, हे तिला पाठ होतं. चित्रं तिने आत्याला दाखवली.

आत्याने चष्मा लावला. "छान आहे गं. ही कोण?"

"तू."

"अगंबाई! मला वाटलं ती खार मी."

दोघी पोट धरून हसल्या. चिमणीने चित्रं इंटरनेटवर टाकली आणि आठवड्याभरात ती लाखभर लोकांच्या मोबाइलवर जाऊन बसली.

इथे नाट्यगृहाचा एक जुना नियम सांगायला हवा. 'आसनांचा नकाशा व प्रत्यक्ष आसन यांत तफावत आढळल्यास नकाशा ग्राह्य धरावा.' च-१४ या आसनाच्या जागी एक दणदणीत खांब आहे. नकाशात मात्र खुर्ची आहे, त्यामुळे च-१४चं तिकीट वर्षानुवर्षं विकलं जातं. ते घेणारा मध्यंतरापर्यंत खांबाला टेकून उभा राहतो आणि मग घरी जातो. तक्रार आजवर एकही टिकलेली नाही, कारण नकाशा बिनचूक आहे.

चित्रं पाहून गर्दी लोटली. पडदा उघडल्यावर गर्दीत कुजबुज सुरू झाली. मध्यंतरात एक गृहस्थ तावातावाने खिडकीवर आले. काच दुधी असल्यामुळे त्यांना फटीतून फक्त चिमणीचा हात दिसत होता. त्या हाताला उद्देशून ते म्हणाले, "चित्रातली बाई कुठंय?"

"काका, तीच गातेय की."

"तीच कशी? हिला दंड आहेत!"

त्या दिवशी एक्केचाळीस तक्रारपत्रकं भरली गेली. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी आत्या-भाचीला खोलीत बोलावलं. व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते. आयुष्यात ते कुणाला वाईट शब्द बोलले नव्हते. जे काय वाईट असेल ते ते लेखी द्यायचे.

"बाई, तक्रार तुमच्याविरुद्ध नाही," ते आत्याला म्हणाले. "तफावतीविरुद्ध आहे."

"कुठंय तफावत?"

"तुमच्यात. चित्रात काही दोष आढळला नाही."

मग रूपसाम्य समिती नेमण्यात आली. समितीवर व्यवस्थापक, प्रकाशयोजनाकार आणि कपडेपटाचे टेलरमास्तर होते. मास्तरांनी चित्रावरून माप काढलं. मानेचा आणि कमरेचा घेर सारखाच भरला.

"साहेब, एवढ्यात फुप्फुसं कुठं बसवू?" मास्तरांनी विचारलं.

"चित्रात दाखवलीत का?"

"नाही."

"मग तो आपला विषय नाही."

अहवाल तीन ओळींचा होता. डोळे, अपुरे. दंड, अतिरिक्त. खार, अनुपलब्ध.

चिमणी धावत व्यवस्थापकांकडे गेली. "साहेब, अहो, चित्र मीच काढलंय ना? मी दुसरं काढते. आत्या आहे तशी."

"काढा की. कलेवर आम्ही बंधनं घालत नाही."

चिमणीने जीव ओतून दुसरं चित्र काढलं. त्यात आत्याचं धारदार नाक होतं, भरदार दंड होते, आणि सूर लावताना पडते ती कपाळावरची आठीसुद्धा होती. ते इंटरनेटवर गेलं मात्र, लोक खवळले. 'कोण ही जाडी बाई? आमच्या राजकन्येची विटंबना थांबवा!' एका रसिकाने तर आत्याची टिंगल केल्याबद्दल चिमणीला जन्माची अद्दल घडवण्याची मागणी केली. हा रसिक आत्याचा बावीस वर्षांचा चाहता होता. चिमणीला लेखी माफी मागावी लागली, आणि त्या माफीवर पहिल्या चित्राचा शिक्का मारण्यात आला.

आता एकच वाट उरली. कपड्यांच्या दुकानात काचेमागे उभी राहणारी एक मुलगी समितीच्या मापात बसली. तिला गाता येत नव्हतं, पण तोंड उघडता येत होतं. गाणं आत्याने म्हणायचं ठरलं.

"कुठून म्हणू?" आत्याने विचारलं.

"च-१४ मधून. सन्मानाचं आसन आहे," व्यवस्थापक म्हणाले.

"तिथं खांब आहे."

"खांब नकाशात नाही, बाई." मग खाली बघत त्यांनी पुस्ती जोडली, "तुमचं नाही जमलं, तर चित्र खोटं ठरेल. खोटं चित्र काढून प्रेक्षकांची दिशाभूल करणाऱ्या कर्मचाऱ्याला आम्ही खिडकीवर कसं ठेवणार?"

आत्याने भाचीकडे पाहिलं. "चिमणे, गाणं तर माझंच राहतंय ना? झालं तर मग." ती हे इतक्या सहज म्हणाली की चिमणीला भडभडून आलं.

महिनाभर आत्या खांबाआड उभी राहून गायली. मग नव्या तक्रारी आल्या. एवढ्याशा कमरेतून एवढा आवाज येतो, हे प्रेक्षकांना पटेना. चित्रातला आवाज कुणी ऐकला नव्हता, तरी तो कसा असेल याविषयी सर्वांचं एकमत होतं. तेव्हा एक बारीकसा आवाज ध्वनिमुद्रित करून आणण्यात आला आणि च-१४ पुन्हा विक्रीला निघालं. आत्याने मेकअपची रंगपेटी उचलली आणि ती घरी गेली. स्वयंपाकघरातसुद्धा ती गुणगुणेना. चिमणीला ते घर खायला उठायचं.

तक्रारी शून्यावर आल्या. आनंदीआनंद झाला. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की ही जादू करणाऱ्या चित्रकर्तीचा सत्कार झाला पाहिजे. लोकांनी ते उचलून धरलं. चिमणीने लगेच होकार दिला. एकदा माईक हातात आला की या सगळ्यांना खडसावायचं, आणि आत्याला हाताला धरून रंगमंचाच्या मधोमध आणून उभं करायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं.

नाट्यगृह खचाखच भरलं होतं. नाव पुकारलं गेलं. चिमणी विंगेतून बाहेर आली आणि टाळ्या मध्येच थांबल्या.

चिमणी अंगापिंडाने थेट आत्यावर गेलेली. तेच नाक, तेच दंड, तीच उंची, हसली की हनुवटीखाली तीच वळी. ती उभी राहिली आणि रंगमंच भरला. ती बोलायला लागली, "हे चित्र खोटं आहे, खरी नायिका इथं..." पण ऐकतंय कोण? पहिल्या तीन रांगा माना वाकड्या करून, तिच्या मागून चित्रकर्ती कधी येते ते बघत होत्या. चिमणीच्या आग्रहाखातर येऊन विंगेत उभ्या असलेल्या आत्याने हे पाहिलं आणि आपली रंगपेटी उघडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांचं पत्र आलं. चित्रं काढणारी व्यक्ती चित्रांना शोभेशी नसल्याचं निदर्शनास आलं आहे, सबब यापुढे तिने दुधी काचेबाहेर येऊ नये. पत्राची भाषा अत्यंत सौजन्यपूर्ण होती.

चिमणी हे नाव तिला दोन महिन्यांची असताना पडलं. ती दिसते कशी, याबद्दल सत्कारापर्यंत या गोष्टीत एक अक्षर नव्हतं. तरीही वाचकहो, तुमच्या मनात ती एव्हाना खिडकीत बसलेली होतीच. तिची कंबर केवढी काढली होतीत, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

फसवणूक झाल्यासारखं वाटत असेल तर तक्रारपत्रक खिडकी क्रमांक दोनवर मिळेल. फटीतून हात घालून चिमणीच देईल. त्यावर तुमचा अलीकडचा, तुम्हाला आवडणारा एखादा फोटो चिकटवायचा आहे. फोटो व तक्रारदार यांत तफावत आढळल्यास फोटो ग्राह्य धरण्यात येईल.