दुपट्यातली गाडी

आमचा मेव्हणा बाळू टमटममध्ये चढला की बायका आपसूक सरकून त्याला जागा देतात. कारण त्याच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी असतं आणि तो एक हात डोक्याशी, एक हात बुडाशी असा जपून धरून बसतो. खड्डा आला की छातीशी घेतो. मागं एकदा खोपोलीहून येताना एका म्हातारीनं विचारलं, "मुलगा का मुलगी रं?"

"फोर व्हील ड्राइव्ह हाय," बाळू म्हणाला.

म्हातारीला वाटलं, हल्ली अशीच नावं ठेवत असतील. तिनं दुपट्यावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

आत असते गाडी. खेळण्यातली म्हटलं तर बाळू जेवायचा थांबतो, म्हणून रॅलीची गाडी म्हणायचं. माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब. वर पातळ प्लास्टिकचं निळं टप, खाली मोटर, बॅटरी, स्प्रिंगा आणि मोजायला गेलं तर वेड लागेल इतके स्क्रू. रिमोट हातात धरायचा आणि ती मातीतून अशी सुटते की आमच्या कोंबड्या आठवडाभर अंगणात उतरत नाहीत. ह्या गाड्यांचा एक क्लब आहे. भातकापणी झाली की खालापूरच्या अंगाला एका मोकळ्या शेतात ते लोक वळणं नि उंचवटे करतात आणि पाऊस लागेपर्यंत शर्यती लावतात. पनवेलची, पुण्याची शिकलेली पोरं येतात, छत्र्या-खुर्च्या घेऊन. त्यांच्यात साठी उलटलेला आमचा बाळू, पायात रबरी चपला.

ह्या माणसानं जन्मभर गॅस सिलिंडरचा टेंपो चालवला आणि काटा वीसच्या वर कधी जाऊ दिला नाही. विचारलं तर म्हणायचा, "भरलेली हाय." रिकामी असली तरी वीसच. मग म्हणायचा, "सवय मोडती." लग्नाच्या वरातीनं त्याला मागं टाकलेलं मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. एकदा त्याचं लग्न जमत आलं होतं. मुलीकडच्यांना कौतुकानं टेंपोत बसवून हा खोपोलीला सोडायला निघाला. ती माणसं मध्येच उतरून चालत गेली. ते लग्न तिथंच राहिलं, आणि नंतर कुणी जमवायला गेलं नाही. खालापूरला एका खोलीत एकटाच राहतो.

रिटायर झाल्यावर जन्माचा राहिलेला वेग त्यानं त्या रिमोटवर काढायला घेतला. एका बंगलेवाल्यानं मोडकी गाडी भंगारात टाकलेली, ती मागून आणली. आणली ती आणली, पण टेंपोच्या सवयी सोबत आल्या. बॅटरी बसवली की हा साबणाचा फेस करून लावतो, बुडबुडे येतात का बघायला.

"अरे, बॅटरीत गॅस कुठाय?" मी म्हणायचो.

"नसलेला बरा. बघून घ्यायला काय जातंय?"

गेली एक बॅटरी. धूर झाला. बाळू लांब उभा राहून म्हणाला, "अंदाज आला."

हे त्याचं ठरलेलं बोलणं. गाडी आपटली, अंदाज आला. चाक निखळून कुणाच्या भेळेत पडलं, अंदाज आला. शर्यतीत तर मागून गाडी आली की त्याचा हात आपोआप रिमोटवरून सुटतो आणि "जा बाबा पुढं" अशी खूण करतो. टेंपोच्या खिडकीतून तीच करायचा. उरलेल्या एका हातानं त्याची गाडी बांधावर चढते. त्यामुळं त्याचा नंबर कायम शेवटचा. क्लबातली पोरं त्याच्यावर जीव टाकतात, कारण तो असला की शेवटचं कोण येणार ही काळजी कुणालाच राहत नाही.

त्याची थोरली बहीण म्हणजे आमची ही. ती होती तोवर त्या गाडीशी माझा संबंध शिव्या देण्यापुरता. बाळू दर रविवारी पळसदरीला आमच्याकडं यायचा, अंगणात गाडी फिरवायचा, आणि ही आतून ओरडायची, "बाळ्या, सारवलेल्यावर चाकं उमटली तर रिमोट चुलीत घालीन." मग त्याला ताटावर बसवून हळूच विचारायची, "ह्या खेपेला कितवा रं आलास?" तो शेवटचा म्हणाला की एक भाकरी जास्त वाढायची. ती भाकरी माझ्या वाटणीची असायची, म्हणून मला तो शेवटचा येणं परवडायचं नाही.

मागच्या श्रावणात ही गेली. फार दिवस झोपून नव्हती. दिवसकार्य झालं, माणसं पांगली. मुलगी शेलूला दिलेली, तिला तिचा संसार. मी घरात एकटा. मला चहा करता येत नाही हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या चहाला नावं ठेवत होतो.

मला वाटलं, बाळूपण आता यायचा बंद होईल. बहीणच नाही त्या घरी भावानं कशाला यायचं? माझं नि त्याचं तसं कधी जुळलं नव्हतं. मी तोंडाचा फाटका, तो बोलायचा नाही.

पुढच्या रविवारी आला. दुपटं ओट्यावर ठेवलं. बहिणीचं नाव काढलं नाही, फोटोकडं बघितलं नाही. म्हणाला, "दाजी, मोटरचा स्क्रू सुटलाय. जरा गाडी धरता का?"

मनात म्हटलं, ह्याला काळीज आहे का बेरिंग आहे? पण धरली.

मोटरच्या दांड्यावर एक एवढंसं दातेरी चाक असतं, आणि ते एका बारक्या स्क्रूनं आवळलेलं असतं. त्या स्क्रूला डोकं नसतं. म्हणून असेल, बाळूनं ते काम माझ्याकडं दिलं. तो सुटला की मोटर नुसती बोंबलते आणि गाडी जागची हलत नाही. मला तो दिसेना. नांगर धरलेली बोटं, तांदळाएवढा स्क्रू. शेवटी फडताळातला हिचा चष्मा काढून लावला. तिचा नंबर मला चालतो हे एवढ्या संसारात मला ठाऊक नव्हतं.

मग दर रविवारचं तेच झालं. तो यायचा नि म्हणायचा, "दाजी, परत सुटला." मी चष्मा लावायचो. आवळायचो. क्लबातल्या एकानं बाळूला निळं गोंद दिलेलं, स्क्रू धक्क्यानं सुटू नये म्हणून आट्यांना लावायचं. ते मी लावायला लागलो. तरी पुढच्या रविवारी सुटलेला.

"गोंद लावलं होतं ना?" बाळू विचारायचा.

"लावलं होतं."

"मग हातच हलके पडत असतील. नाचणी खात जा दाजी."

मी अख्खी पोती पाठीवर घेतलेला माणूस. झोंबायचं मला.

त्यात माझी अक्कल. थंडीच्या दिवसांत स्प्रिंगांच्या नळ्यांतलं तेल संपलं. त्याला वेगळं तेल लागतं, ते मुंबईहून यायचं होतं. मी म्हटलं, तेल ते तेल, खोबरेल घाल. घातलं. दुपारी अंगणात गाडी लोण्यासारखी चालली. मी सगळ्या आळीला सांगून आलो की मी शोध लावलाय. पुढच्या शर्यतीला सकाळी खालापूरला गार वारं सुटलेलं. खोबरेल नळ्यांत गोठून दगड झालं आणि गाडी बोकडासारखी टणाटणा उड्या मारत रेषेच्या बाहेर गेली ती थेट पुणेकरांच्या छत्रीखाली.

"तुमचा काय अंदाज, दाजी?" बाळूनं विचारलं.

मी गाडी उन्हात धरून बसलो, वितळायची वाट बघत.

तेव्हापासून मला एकच ध्यास लागला. हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत तरी तो स्क्रू टिकला पाहिजे, आणि हा बाबा एकदा तरी शेवटचा यायचा चुकला पाहिजे. बाळूसाठी म्हणून नाही. माझ्या हाताची इज्जत गेलेली होती. आदल्या रविवारी मी त्या स्क्रूला एवढं गोंद पाजलं की मोटर निळी दिसायला लागली, आणि दातओठ खाऊन आवळला.

त्या शर्यतीलाही मी गेलो. तिथं एक रिवाज आहे. आपली गाडी उलटली तर आपण पळायचं नाही. आधीच्या शर्यतीतली माणसं वळणावळणावर उभी असतात, ती सरळ करून देतात. मग त्यांच्या पाळीला आपण. बाळूचा गुडघा धरतो, म्हणून त्याच्या जागी मी उभा राहिलो. पहिली गाडी उलटली ती मी सरळ केली, पण तोंड मागं करून. ती समोरून येणाऱ्या तिघांना भिडली.

"आजोबा, उलटी लावलीत," टोपीवाला एक पोरगा ओरडला.

"तू काय सुलटी पाडली होतीस?" मी म्हणालो. पुढच्या वळणावर मला कुणी उभं केलं नाही.

शेवटच्या शर्यतीत मी बाळूच्या मागं उभा राहिलो आणि त्याचं उजवं मनगट रिमोटसकट धरून ठेवलं. "हात सोडलास तर बघ."

"मागून येतोय तो. जाऊ द्या त्याला."

"मरू दे. तू पुढं बघ."

माणसं हसत होती. एका म्हाताऱ्याच्या हातात रिमोट आणि त्या म्हाताऱ्याला धरून दुसरा म्हातारा. पण गाडी धावली. उंचवट्यावरून उडाली, उतरली, वळली. स्क्रू हलला नाही. आणि एका पनवेलकराची बॅटरी मध्येच बसली, म्हणून आमचा बाळू शेवटून दुसरा आला. टाळ्या अशा पडल्या की पहिला आलेला पोरगा इकडं तिकडं बघायला लागला.

परतताना टमटममध्ये मी फुगून बसलो होतो. बाळू मात्र दुपट्याच्या टोकाशी चाळा करत होता.

"काय रं, तोंड का पाडलंस?"

"नाय. आता चार महिने शर्यती नायत."

"बरंय की."

"गाडी पन फिट झाली. काय काम नाय उरलं."

"मग? कुणाचा हात लागलाय?" मी म्हणालो. "आता बस घरी निवांत. रविवारी कशाला टमटमचे धक्के खातोस?"

तो "बरं" म्हणाला. खालापूर आलं, तो उतरला. हात करायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

पुढचा रविवार आला. मी सवयीनं दोघांचा डाळभात टाकला. मला आता तेवढं येतं. नेहमीच्या वेळेची टमटम वाजत गेली, बाळू आला नाही. तिच्या मागची गेली. भात निवला. मी झाकण काढून बघायचो आणि परत ठेवायचो, जसा काही बाळू टोपातून निघणार आहे. आपणच त्याला येऊ नको म्हटलं, हे माझ्या ध्यानात यायला दुसरी टमटम जावी लागली. मग स्वतःलाच सांगितलं की तंबाखू संपलीय, आणि आमच्या फाट्याकडं निघालो.

फाट्यावरच्या शेडमध्ये बाळू बसला होता. माझ्याकडं पाठ. मांडीवर दुपटं उघडलेलं, गाडीचं टप काढून बाजूला ठेवलेलं. एका हातात स्क्रू पिळायची वाकडी किल्ली, दुसऱ्या हातात विडीचा लायटर. लायटर पेटवून त्या स्क्रूपाशी धरायचा, गोंद मऊ करायचा, मग किल्ली घालून पिळायचा. सुटत नव्हता. परत लायटर. कपाळाचा घाम दुपट्याला पुसायचा. हात सरावलेला होता, आज फक्त जोर कमी पडत होता.

"सुट की रं आता," तो स्क्रूला म्हणत होता. "दाजी जेवायचं थांबलं असतील."

मी तिथंच उभा राहिलो. मागच्या पावसाळ्यात शर्यती नव्हत्या, ती गाडी मातीला लागलेली नव्हती, तरी दर रविवारी स्क्रू सुटलेला असायचा. एवढं माझ्या डोक्यात यायला वर्ष गेलं. चौथी शिकलोय मी, आणि तीही कशीबशी.

तसाच मागं फिरलो. रस्त्यानं गेलो असतो तर दिसलो असतो, म्हणून बांधावरून. ह्या वयात बांधावरून पळणारा माणूस बघून शेजारची म्हैस उठून उभी राहिली. घरी आलो, ओट्यावर बसलो, आणि धाप लपवायला खोकत राहिलो.

बऱ्याच वेळानं बाळू आला. दुपटं ठेवलं. बोटाला चटका बसलेला, ते तोंडात घातलेलं.

"दाजी, परत सुटला."

मी चष्मा लावला. स्क्रूची कड काळी पडलेली, जळक्या गोंदाचा वास येत होता.

"गोंदच खराब निघालं," मी म्हणालो.

"असंल," तो म्हणाला.

मी स्क्रू आवळला. मग गाडी उचलून पुढचं डावं चाक बोटानं फिरवलं. तेलात सोडल्यासारखं गुळगुळीत फिरत होतं. मी ते कानाशी धरलं.

"बाळू, हे चाक आवाज करतंय बघ."

त्यानं गाडी घेतली. चाक फिरवलं, कान लावला. थांबलं तसं परत फिरवलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"करतंय खरं," तो म्हणाला. "सगळं उघडायला लागंल. दोन-तीन रविवार तरी जातील."

"जाऊ दे की. हात धू आधी."

तो हात धुवायला गेला आणि मी भात परत चुलीवर ठेवला.