छतातून आलेली सिस्टर

चष्मेवाल्याने घरात जाहीर केलं की हे फोनचं प्रकरण तो दोन दिवसांत मिटवणार. सकाळचा चहा पिताना त्याने ते जाहीर केलं आणि बायकोने मान डोलावली, कारण सकाळच्या चहाच्या वेळी तो जे जाहीर करायचा त्याला मान डोलावणं हेच सगळ्यात कमी वेळाचं काम होतं.

प्रकरण असं होतं. घराच्या बोळकांडीत, चपलांच्या कपाटावर, जुना तारेचा फोन होता. मोबाइल सगळ्यांकडे होते, पण हा फोन म्हातारीसाठी ठेवला होता. म्हातारी म्हणजे चष्मेवाल्याची आई. चौतीस वर्षं छातीच्या रोग्यांच्या वॉर्डात सिस्टर होती. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी गल्लीपासून सुनेपर्यंत सगळे तिला ‘सिस्टर’च म्हणत. तर गेला महिनाभर या फोनवर कुणीतरी फोन करत होतं आणि बोलत नव्हतं. उचलावा तर पलीकडून नुसता श्वास. फूं... फूं... मागे कसलीशी घरघर. अर्धं मिनिट तसंच, मग ‘टिंग’ असा बारीक आवाज, आणि फोन बंद. दिवसातून आठदा, दहादा, एकदा तर चौदा वेळा!

बायको दिवसभर घरीच शिवणकाम करायची. तिला आता बोळकांडीतून जायची भीती वाटू लागली होती. ती म्हणाली, कुणीतरी पाळत ठेवून आहे. हे ऐकून चष्मेवाल्याच्याही काळजात धस्स झालं होतं, पण त्याने ते चहाबरोबर गिळलं.

पहिल्या दिवशी तो चष्म्यांचं दुकान उशिरा उघडायचं ठरवून फोनपाशी स्टूल टाकून बसला. दहाला पाच कमी असताना फोन वाजला. फूं... फूं... चष्मेवाल्याने छाती फुगवली आणि आयुष्यात कधी काढला नव्हता असा आवाज काढला.

‘‘समोर ये. हाडं मोडून हातात देतो.’’

पलीकडचे श्वास एकदम थांबले. मग टिंग. फोन बंद. चष्मेवाला विजयी मुद्रेने उठला, तेवढ्यात पुन्हा फोन. पुन्हा श्वास, आणि या वेळी जरा जोरातच. दुसऱ्या दिवशी त्याने खेळाच्या सामानाच्या दुकानातून पंचाची शिट्टी आणली आणि गाल दुखेपर्यंत फोनमध्ये फुंकली. पलीकडे काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला. पण फोन काही थांबले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकानात तीन गिऱ्हाइकं काचा घेण्यासाठी खोळंबली, चौथं भांडून गेलं, आणि चष्मेवाल्याने हात टेकले.

तेव्हा सिस्टरने स्टूल आपल्याकडे ओढलं. फोन वाजला, तिने उचलला, डोळे मिटले आणि ऐकत राहिली. वॉर्डात छातीला नळी लावून ऐकायची तशी. फोन बंद झाल्यावर म्हणाली, ‘‘हा कालचा नव्हे.’’

‘‘म्हणजे?’’ चष्मेवाल्याने विचारलं.

‘‘कालच्याला सर्दी होती. याचं नाक मोकळं आहे, पण विडी ओढतो. आणि एकटा नाही. चार तरी आहेत.’’

चष्मेवाला बायकोकडे बघत राहिला. एक गुंड होता तेव्हाच झोप उडाली होती, आता टोळी निघाली.

पण सिस्टर घाबरली नव्हती. उलट तिच्या अंगात काहीतरी संचारलं होतं. तिने जुनी वही काढली, डोळ्यांवर मुलाने केलेला चष्मा चढवला आणि नोंदी सुरू केल्या. आठवड्याभरात तिने निकाल दिला. हे लोक रविवारी सुट्टी घेतात. सकाळी दहाच्या सुमाराला यांना धाप लागलेली असते, दुपारी दोनच्या सुमाराला पोट भरलेलं असतं, साडेपाचनंतर कुणी फोन करत नाही. म्हणजे नोकरदार माणसं आहेत.

इथवर ठीक होतं. पण मग ती त्यांच्याशी बोलायला लागली.

‘‘तोंड मिटा. नाकाने घ्या. सावकाश. खांदे कशाला उचलताय?’’ असं ती फोनमध्ये शांतपणे सांगायची. कुणाला विडी सोडायला सांगायची, कुणाला जेवल्या जेवल्या धावू नका म्हणायची. पलीकडून कधी एक शब्द आला नाही. आणि एका दुपारी तर ती ऐकता ऐकता ताठ झाली. हाताने सुनेला शिलाई मशीन थांबवायची खूण केली. मग वॉर्डातल्या जुन्या आवाजात म्हणाली, ‘‘ज्यांच्या श्वासाच्या शेवटी बुडबुडे वाजताहेत, त्यांनी ऐकावं. आजच्या आज छातीचा फोटो काढा. उद्यावर टाकू नका.’’

चष्मेवाल्याला हे सुनेकडून, म्हणजे त्याच्या बायकोकडून, संध्याकाळी जेवताना कळलं आणि त्याने उचललेला घास ताटात परत ठेवला. छळणाऱ्या गुंडांना आई औषधपाणी सांगते आहे! आईचं वय झालं, डोकं चळायला लागलं, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला गुंडांपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी तो पोलीस चौकीत गेला.

दोन दिवसांनी एक हवालदार घरी आले. चांगले भारदस्त, पट्ट्याच्या वरून थोडे ओसंडलेले. ते तक्रार लिहून घेत होते तेवढ्यात फोन वाजला. हवालदारांनी स्वतः कानाला लावला, गंभीर चेहऱ्याने अर्धं मिनिट ऐकला आणि ठेवला. मग म्हणाले, हा सराईत माणूस दिसतो. सिस्टर त्यांच्याकडे बघत होती. म्हणाली, ‘‘तुम्ही रात्री घोरता. कुशीवर झोपत जा.’’ हवालदारांची लेखणी कागदावरच थांबली. त्यांनी चष्मेवाल्याकडे असं पाहिलं, जणू ही आतली माहिती त्यानेच पुरवली असावी.

पण माणूस कामाचा निघाला. आठवड्याभरात त्यांनी फोन कुठून येतात ते काढून आणलं. चष्मेवाल्याच्या दुकानापासून दहा मिनिटांवर नकाशांचं एक सरकारी कार्यालय होतं, चार मजली. नंबर तिथला होता. चष्मेवाल्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, घासायला घेतलेली काच तशीच चाकापाशी ठेवली आणि हवालदारांबरोबर निघाला. चालताना तो त्यांच्या एक पाऊल मागेच राहत होता. बरोबर पोलीस असला म्हणून काय झालं, टोळी ती टोळी.

कार्यालयाला रस्त्यावरून दारापर्यंतच तीस पायऱ्या होत्या. त्या चढून आत गेलेला प्रत्येक माणूस भात्यासारखा फुसफुसत लिफ्टसमोर उभा राहत होता. लिफ्ट आली. सहा माणसांची होती, सात शिरले. हवालदार मागच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहिले. दार बंद झालं, लिफ्ट घरघरत निघाली, आणि छताला असलेल्या जाळीतून फोनची घंटी ऐकू यायला लागली.

मग चष्मेवाल्याने जे पाहिलं ते त्याने पुढे आयुष्यभर लोकांना सांगितलं. लिफ्टमधल्या पाचही कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी तोंडं मिटली. माना ताठ झाल्या. खांदे खाली आले. एका टक्कल पडलेल्या कारकुनाने शर्टाच्या खिशातली विड्यांची जुडी पटकन फायलीखाली लपवली. एक बाई डोळे मिटून नाकाने लांब श्वास घ्यायला लागल्या. देवळातही कुणी इतकं मनापासून उभं राहत नसेल.

‘‘कोण?’’ जाळीतून आवाज आला. ‘‘हं, सकाळची पाळी. बरं चाललंय. विडीवाले, तुम्ही कमी केलीय वाटतं. पण सोडलेली नाही.’’

टक्कलवाल्याने छताकडे बघून मान खाली घातली.

चष्मेवाल्याने चमकून जाळीकडे पाहिलं. हा आवाज त्याने एकावन्न वर्षं ऐकला होता.

‘‘मागे कुणीतरी नवीन आहेत,’’ आवाज म्हणाला. ‘‘पट्टा दोन भोकं सैल करा.’’

हवालदारांचा हात आपोआप पट्ट्याकडे गेला.

‘‘आणि हा कोण मधेच...’’ आवाज थांबला. लिफ्टमध्ये कुणी हललं नाही. चष्मेवाल्याने श्वास रोखून धरला, पण माणूस किती वेळ रोखणार? दुसऱ्या मजल्यावर तो सुटला. लगेच जाळीतून आवाज आला, ‘‘बाळ? तू तिथे काय करतोयस? दुकान कुणावर टाकून आलास?’’

सहाही माणसं वळून त्याच्याकडे बघायला लागली. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते चष्मेवाल्याने स्वतःविषयी कुणाच्याच डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं. त्या बाईंनी हळूच विचारलं, ‘‘तुम्ही त्यांचे?’’ चौथा मजला आला, टिंग वाजलं, दार उघडलं, पण कुणी बाहेर पडेना.

पुढचं सगळं वरच्या साहेबांनी खुर्ची देऊन सांगितलं. लिफ्टच्या मागच्या भिंतीत, बरोबर पाठीच्या उंचीवर, अडकल्यास मदत मागायचं बटण होतं. गर्दीत कुणाची तरी पाठ त्यावर टेकायची, फोन लागायचा, आणि दार उघडलं की तुटायचा. तो लिफ्टवाल्यांच्या ऑफिसात लागायला हवा होता, पण दोनेक महिन्यांपूर्वी दुरुस्ती करताना कुणीतरी एक आकडा चुकवला. सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले, साहेब म्हणाले. छतातून कुणी इसम हाडं मोडायच्या धमक्या द्यायचा. एकदा तर अशी कर्कश शिट्टी वाजली की खुद्द साहेबांच्या हातातली नकाशांची नळकांडी खाली पडली आणि तालुक्याची हद्द फाटली. अर्ध्या कार्यालयाने लिफ्ट सोडून जिना धरला. तो इसम कोण ते मात्र अजून कळलेलं नाही.

चष्मेवाला खिडकीतून बाहेरचं झाड बघायला लागला. हवालदार चष्मेवाल्याला बघायला लागले.

मग एके दिवशी हा दुसरा आवाज आला, साहेब म्हणाले, आणि त्यांचा स्वतःचा आवाज जरा खाली उतरला. आधी लोक घाबरले, छताला उत्तर द्यायची कुणाची छाती झाली नाही. मग सांगितलं तसं करून पाहायला लागले. आता तर काही जण मुद्दाम पाठ टेकवतात. आणि दप्तरखान्यातले आमचे एक वडीलधारे गृहस्थ, कधी रजा न घेतलेले. दीड महिना खोकला लपवत होते. त्या दुपारी आवाज आला तसे लिफ्टमधून उतरले आणि फाईल न ठेवता तडक दवाखान्यात गेले. फुप्फुसात पाणी भरलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस काढले असते तर आमच्याही हातात काही नव्हतं.

हवालदारांनी तक्रारीचा कागद काढला, आरोपीच्या रकान्यात ‘लिफ्ट’ असं लिहिलं, सही केली आणि घरी जाताना जिन्याने उतरले.

दुसऱ्याच दिवशी माणूस येऊन आकडा नीट करून गेला. साहेबांना ते फारसं आवडलं नाही, पण आता कागदावर आलं होतं.

कार्यालयात जाऊन आला त्याच संध्याकाळी चष्मेवाला घरी पोचला तेव्हा सिस्टर बोळकांडीतच बसली होती. त्याने चपला काढायच्या आत तिने विचारलं, ‘‘तो बुडबुडेवाला?’’

‘‘वाचला,’’ चष्मेवाला म्हणाला. ‘‘पुढच्या आठवड्यात घरी सोडणार आहेत.’’

‘‘हं,’’ म्हणून तिने वहीत एका ओळीवर रेघ मारली आणि वही मिटली. चष्मेवाला तिच्यासमोर खाली बसला. या बाईला गेल्या आठवड्यात आपण डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवत होतो, हे आठवून त्याला तिच्याकडे सरळ बघवेना. चौतीस वर्षं ती रोज सकाळी डबा घेऊन कुठे जात होती, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं.

‘‘आई,’’ तो म्हणाला, ‘‘सात माणसं होती त्या लिफ्टमध्ये. वर ती घरघर. मी एक शब्द बोललो नाही. नुसत्या श्वासावरून मला ओळखलंस तू?’’

सिस्टरने चष्मा काढून पदराने पुसला.

‘‘त्यात काय ओळखायचंय?’’ ती म्हणाली. ‘‘पोलीस बरोबर असूनही इतका घाबरलेला माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.’’