जया पळाली, शुक्रवारपासून

जया गॅसपुढे भाकरी थापत होती आणि बाहेर रस्त्यावरचा भोंगा साऱ्या ढाणकीला सांगत होता, की ती पळाली.

"जया पळाली! जया पळाली! येत्या शुक्रवारपासून, आपल्या ढाणकीत, गुलशन टॉकीजमध्ये! सहकुटुंब, सहपरिवार पाहायला या, जया पळाली!"

तिचे वडील डोमाजी अंगणात दाढी करत होते. एका गालावरचा फेस तसाच ठेवून ते आत धावले.

"हायेस ना वं?"

"मी नाही त भाकर कोण थापून राह्यलं, बाबा?"

गुलशन टॉकीज नऊ वर्षं बंद होती. मालक मोहिउद्दीन यांनी नवा पडदा लावून ती पुन्हा सुरू करायचं ठरवलं होतं. फाटकावर 'लवकरच' असं लिहून तीन सिनेमांची पोस्टरं लागली होती आणि त्यांत पहिला होता 'जया पळाली'. गोष्ट शर्यतीत धावणाऱ्या एका खेड्यातल्या मुलीची. पण मोहिउद्दीनचा पुतण्या आसिम आपल्या रिक्षातून पुकारा करताना शर्यतीचं नाव घेत नव्हता. तेवढं सांगितलं तर मजा जाते, असं त्याचं मत.

दहा मिनिटांत फुलसावंगीहून फोन आला. जयाचं लग्न तिथल्या राजदीपशी ठरलं होतं आणि साखरपुडा पंधरा दिवसांवर होता. फोनवर राजदीपचे वडील शालिकराव होते.

"जयभीम, डोमाजीभाऊ. पोरगी कुठं हाय?"

"घरीच हाय न!"

"आमच्या गावचा माणूस बाजारात आलता. भोंग्यावर पुकारून राह्यले म्हणते."

जयाने फोन हिसकावला. "मामाजी, मी जयाच बोलून राह्यली."

"आवाजाचं काय, बाई," शालिकराव कोरडेपणाने म्हणाले. "आजकाल मोबाइलात आवाजबी बनवते लोक."

"मंग व्हिडिओ कॉल करा."

"चेहराबी बनवते."

जयाने गॅस बंद केला, तोंडाला स्कार्फ बांधला आणि स्कूटीने थेट टॉकीज गाठली.

"चाचा, भोंगा बंद करा."

मोहिउद्दीन खुर्च्यांवरची धूळ झटकत होते. "बेटा, वो तो दौडनेवाली लडकी है! मेडल आणते शेवटी."

"हे तुमचा भोंगा सांगते काय?"

मोहिउद्दीन खाली बसले. पहिला आठवडा रिकामा गेला, तर त्यांचे भाऊ टॉकीज पाडून मंगल कार्यालय बांधणार होते. पुकारा बंद करणं शक्य नव्हतं. "पण नाव बदलतो मी," ते म्हणाले. "तुझं नाव नाही येणार. जबान देतो."

अकरा वाजता आसिमने 'प्रियंका पळाली' असा पुकारा केला. साडेअकराला अंगणवाडीतल्या प्रियंकाताईंचा नवरा टॉकीजवर आला. बारा वाजता 'ममता पळाली' झालं. ममता नावाच्या मास्तरीणबाई तेव्हा सहावीला भूगोल शिकवत होत्या. मुलं खिडकीतून भोंगा ऐकत आणि बाईंकडे बघत. शेवटी बाई खरोखरच वर्ग सोडून टॉकीजकडे निघाल्या.

मग आसिमने स्वतःचं डोकं चालवलं. नावच नको.

"एक पोरगी पळाली! कोनाची पळाली? शुक्रवारी कळेल!"

अर्ध्या तासात बाजारातली निम्मी दुकानं बंद झाली. ज्याच्या घरी पोरगी होती तो घरी गेला. ज्याला पोरगी नव्हती, तो कोणाची गेली हे बघायला टॉकीजवर आला. त्यांच्या मागोमाग पोलिसांची जीप आली.

"कोनती पोरगी?" जमादाराने वही उघडली. "रिपोर्ट काहून नाही देला?"

मोहिउद्दीन हात जोडून उभे राहिले. जयाने गर्दीतून वाट काढली, रिक्षात चढली आणि आसिमच्या हातातला माइक घेतला.

"मी जया. डोमाजीची पोरगी. मी पळाली नाही, पिक्चरमधली जया पळाली. शर्यतीत पळाली! सगळ्यायनं आपआपल्या घरी जा अन् शुक्रवारी पाहाले या." तिने माइकवरूनच सांगितलं, "आसिमभाऊ, फुलसावंगी."

"इतक्या दूर?"

"चाल म्हनलं ना."

शालिकरावांच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा निम्मं फुलसावंगी मागे होतं.

"मामाजी, बाहेर या! आवाज पाहा, चेहरा पाहा, हात लावून पाहा. मोबाइलातली नाही मी!"

शालिकराव बाहेर आले आणि म्हणाले, "पानी घेतं काय, बाई?" मागे उभा राजदीप हसू दाबत होता. त्याची आई नलूबाई मात्र रिक्षावरच्या पोस्टरकडे टक लावून बघत होती.

"किती मीटरची शर्यत हाय वं?"

"आठशे, आत्याबाई."

"किती वाजताचा खेळ हाय शुक्रवारी?"

शुक्रवारी टॉकीज इतकी भरली, की मांडववाल्याच्या खुर्च्या आणाव्या लागल्या. प्रियंकाताईंचा नवरा होता, मास्तरीणबाई होत्या, जमादारही सहकुटुंब होता. फुलसावंगीहून अकरा जण आले. पडद्यावरच्या जयाने शेवटची फेरी सुरू केली, तशी नलूबाई उठून उभी राहिली. मागचे ओरडले, "बसा ना बाई!" ती काही बसली नाही.

बाहेर पडताना तिने जयाचा हात धरला. "शाळेत मी पहिली येत होती. लगन झालं, मंग पळनं म्हनजे यष्टी सुटली तेव्हाच."

पुढच्या आठवड्यात डोमाजींनी साखरपुड्याच्या तयारीसाठी शालिकरावांना फोन केला. विहीणबाईंना साडी कोणत्या रंगाची आणावी, एवढंच विचारायचं होतं.



"साडी नाही पाहिजे म्हनते," शालिकराव म्हणाले. "धावाचे बूट म्हनते. सहा नंबर."

डोमाजींनी ते मुकाट्याने लिहून घेतलं. "अन् तुमच्यासाठी? धोतरजोडी?"

"मलेबी बूटच आना, भाऊ. नऊ नंबर." शालिकराव धापा टाकत होते. "चपलीनं तिच्या मांगं जमून नाही राह्यलं."