मागच्या बाजूची सही

बांधणीमास्तर वारल्यानंतर अठरा दिवसांनी त्यांच्या नावे एक सरकारी पत्र आलं. हस्तबांधणी कला महाविद्यालय पुढील सत्रापासून बंद करण्याचे प्रस्तावित असून, याबाबत आपले काही म्हणणे असल्यास सात दिवसांत समक्ष हजर राहून मांडावे, हजर न राहिल्यास आपली संमती गृहीत धरण्यात येईल, असं त्यात म्हटलं होतं. मास्तर हजर राहण्याच्या परिस्थितीत नव्हते. म्हणून पत्र त्यांच्या लेकीनं उघडलं, दोनदा वाचलं, आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदाच तिला काहीतरी करण्याजोगं सापडलं.

महाविद्यालय म्हणजे एक जिना आणि चार खोल्या. पुस्तकं हातानं शिवायला, कणा गोल करायला, पुठ्ठ्यावर कापड आणि चामडं चढवायला तिथे शिकवत. मास्तरांनी एकतीस वर्षं शिकवलं. कोणतंही महाविद्यालय चालू राहायला बारा विद्यार्थी लागतात, असा नियम होता. इथे चार होते, आणि त्यांतला एक वारंवार आजारी पडे.

लेक जिना चढून वर गेली, तेव्हा मास्तरांचे सहकारी दोरेकाका खळ ढवळत बसले होते. खिडकीशी शिवणीची लाकडी चौकट होती. तिच्यावर मास्तरांचं शेवटचं पुस्तक अर्धं शिवून ताणलेलं होतं, आणि दोऱ्याच्या टोकाला सुई तशीच लोंबत होती.

"कुणाला हात लावू दिलेला नाही," दोरेकाका म्हणाले. "कॉलेज आहे तोवर ते इथून हलणार नाही. बंद झालं की सामानाची यादी करतील. यादीत 'चौकट, लाकडी, एक' असं लिहितील. अर्ध्या पुस्तकाला रकाना नसतो गं."

लेक तेवढ्यानं पेटून उठली.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. तो जिना ती तब्बल बावीस वर्षांनी चढत होती. वाचन तिचं दांडगं. चार माणसांत ती कुठल्या कादंबरीचा दाखला कधी देईल याचा नेम नसे. पण तिची सहाशे पुस्तकं फोनमध्ये होती आणि त्यांतल्या एकालाही शिलाई नव्हती. मास्तर अधूनमधून विचारत, "एखादं शिवून बघतेस का?" ती म्हणे, "पुढच्या सुट्टीत, बाबा." सुट्ट्या पुष्कळ आल्या.

महाविद्यालय बचाव समिती स्थापन झाली. सभासद नऊ. लेक अध्यक्ष, कारण दुःख तिचं होतं. सचिवपदी एक कवी आले, कारण ते प्रत्येक समितीचे सचिव असत. पहिल्या बैठकीत 'हाताचं काम वाचवा' असा मोठा फलक करायचं एकमतानं ठरलं. तो हातानं रंगवायला आठवडा लागेल असं कळल्यावर यंत्रावर छापून घ्यायचंही एकमतानंच ठरलं.

मास्तरांची बहीण, म्हणजे लेकीची आत्या, त्या फलकाकडे चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिली.

"हातानं करायला वेळ लागतो म्हणून छापून आणला?"

"आत्या, चळवळीला गती लागते."

"हो का? मग कॉलेज बंद करणाऱ्यांचं तरी दुसरं काय म्हणणं आहे?"

आत्याला समितीत घेतलेलं नव्हतं ते याच कारणासाठी.

सह्यांची मोहीम निघाली. नुसत्या सह्या नकोत, प्रत्येकानं सहीबरोबर चार ओळी भावना लिहाव्यात, अशी कवींची सूचना. भावनेला जागा लागते, म्हणून माणशी एक कागद. एवढा कागद कुठून आणायचा, यावर दोरेकाकांनी कपाट उघडलं. महाविद्यालय सुरू झालं तेव्हा कुणीतरी मोठ्या उमेदीनं पाच हजार प्रवेश अर्ज छापून घेतले होते. त्यांतले जेमतेम हजारभर वापरले गेले होते. बाकीचे पिवळे पडले होते, पण मागची बाजू स्वच्छ कोरी.

"बांधणीवाल्यानं कोरा कागद कधी टाकू नये," दोरेकाका म्हणाले. "मास्तर तर पाकिटं उलटी करून वापरायचे."

मास्तरांचं नाव निघाल्यावर चर्चा संपली.

लोकांनी भरभरून लिहिलं. दवाखान्यात नंबर येण्याची वाट बघताना, बागेच्या बाकावर, मुलांना घ्यायला आलेल्या आयांनी शाळेच्या फाटकाशी. हजारावर माणसांनी नव्या पुस्तकाच्या वासाबद्दल लिहिलं. एका दंतवैद्यानं लिहिलं, 'ही कला मेली तर आपण माणूस म्हणवून घ्यायला लायक नाही.' लेकीची सही सगळ्यांत पहिली. खाली तिनं लिहिलं होतं, 'हे महाविद्यालय माझ्या रक्तात आहे.' असे तीन हजार सातशे सोळा कागद झाले. ते समितीनं चौकावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल लावून घेतले. दोरेकाकांना ते कळू दिलं नाही.

शिक्षण खात्याच्या उपसंचालकबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी पहिला गठ्ठा उघडला, भावना वाचली, पान उलटलं आणि पुढची बाजू पाहिली. मग दुसरं पान उलटलं. मग तिसरं.

"हे प्रवेश अर्ज आहेत," त्या म्हणाल्या.

"नाही, नाही. ही जनभावना आहे. मागच्या बाजूला बघा."

"सही आहे, नाव आहे, पत्ता आहे. विहित नमुन्यावर सही करून दिलेला प्रत्येक कागद अर्ज समजावा, असा नियम आहे. बाजूचा उल्लेख नियमात नाही." बाईंनी गठ्ठा दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतला. "पंचवीस वर्षं नोकरी झाली माझी. चार खोल्यांच्या कॉलेजला तीन हजार सातशे अर्ज आलेले मी पाहिले नाहीत."

त्याच दुपारी बंद करण्याच्या प्रस्तावाला स्थगिती मिळाली. वर्तमानपत्रात लेकीचा फोटो आला, मागे छापील फलक. समितीनं एकमेकांचे सत्कार केले. लेक घरी येऊन मास्तरांच्या फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, वाचवलं." फोटोतल्या मास्तरांच्या चेहऱ्यावर नेहमीचाच भाव होता. पुस्तकाचा कणा वाकडा बसला की तो असे.

पुढच्या आठवड्यात खात्यातून तीन हजार सातशे सोळा पत्रं सुटली. 'आपला प्रवेश अर्ज पुढील बाजूने अपूर्ण आहे. वयाची अट नाही. तरी सोमवारी सकाळी आठ वाजता, सुती कपड्यांत, समक्ष हजर राहून प्रवेश निश्चित करावा. इच्छा नसल्यास तसे सकारण लेखी कळवावे.'

समितीवाल्यांचे फोन वाजू लागले. दंतवैद्य म्हणाले, "अहो, मी पाठिंबा दिला होता. हात नाही दिला. हातांचा माझा धंदा आहे." एका बाईंच्या मुलानं दरडावून सुनावलं, की आईच्या वयाचा तरी विचार करायचा. वयाची अट नाही, हे ऐकून तो जास्तच चिडला. वासाबद्दल लिहिणारे हजारजण एकसुरात सांगत होते, की वास आम्हाला अजूनही आवडतो, पण आठ म्हणजे फारच लवकर.

लेकीनं घाईघाईनं समितीची बैठक बोलावली.

"घाबरायचं कारण नाही," ती म्हणाली. "आपल्याला तीन हजार नकोतच. चार आहेत, आठ हवेत. आणि इथे आपण नऊजण आहोत."

बाकीचे आठजण खुर्च्या मागे सरकवू लागले.

"मी आनंदानं आलो असतो," कवी म्हणाले. "पण मी शिकायला बसलो तर चळवळीबद्दल लिहायचं कोणी?"

"माझा अंगठा," खजिनदार म्हणाले आणि अंगठा दाखवला. अंगठा चांगला होता.

"आपण मागणी कशाची केली?" एकजण उठून म्हणाला. "कॉलेज चालू राहावं याची. त्यात शिकण्याची मागणी कुठे होती? ही सरळसरळ दिशाभूल आहे!"

यावर टाळ्या पडल्या. मग सगळे अध्यक्षांकडे पाहू लागले. लेकीनं समितीची घटना काढली. ती तिनं स्वतःच लिहिली होती. कलम सात, 'समितीच्या पदाधिकाऱ्यांनी चळवळीचा वैयक्तिक लाभ घेऊ नये.' तिनं ते स्वच्छ आवाजात वाचलं. समितीत सभासद नऊ होते आणि पदंही नऊ होती. वाचल्यावर खोलीत जो सुस्कारा उठला त्यात तिचाही होता.

दाराशी आत्या उभी होती.

"झालं का ठरवून? मग मी जाते सोमवारी. मला कुठलंच पद नाही."

"आत्या, तुला सुईत दोरा तरी दिसेल का?"

"दादा ओवून द्यायचा. आता तुझे दोरेकाका देतील. तुला दिसतं ना चांगलं? मग तू काय करणार आहेस?"

"मी पाठपुरावा करणार आहे."

सोमवारी आठ वाजता आत्या गेली. एक निवृत्त बसचालक आले. दोन बहिणी ब्लाउज शिवायचा वर्ग समजून आल्या आणि गैरसमज कळल्यावरही थांबल्या. ज्याच्या घरी शांतता नव्हती असा एक गृहस्थ आला, आणि एक मुलगी आली, जिला खरोखरच शिकायचं होतं. तिच्याकडे सगळे संशयानं बघत होते. जुने चार धरून दहा झाले.

उरलेल्या तीन हजार सातशे दहाजणांनी सकारण लेखी नकार कळवले. लेकीनंही कळवला. खात्याच्या भाषेत तिचा मसुदा सर्वोत्तम ठरला असता. 'कामाच्या व्यापामुळे सध्या शक्य नाही. मात्र कला टिकली पाहिजे याबाबत माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.'

उपसंचालकबाईंनी अहवाल दिला. महाविद्यालयात शिकू इच्छित नसलेल्यांची संख्या याआधी कधीच निश्चित माहीत नव्हती. आता ती सह्यांनिशी उपलब्ध होती. इतका भक्कम पुरावा खात्याकडे दुसऱ्या कुठल्याच निर्णयासाठी नव्हता. महाविद्यालय बंद करण्याचा आदेश निघाला. फक्त एक अडचण आली. कायमस्वरूपी अभिलेख हातानं शिवलेल्या ग्रंथातच जतन करावेत, असा जुना नियम होता, आणि तसं शिवणारी माणसं खात्याला एकाच ठिकाणी सापडली. तेव्हा नकारपत्रांची बांधणी पूर्ण होईपर्यंत महाविद्यालयाला तीन आठवड्यांची मुदतवाढ मिळाली.

शेवटच्या दिवशी लेक वडिलांचं सामान न्यायला आली. टेबलावर सात जाड ग्रंथ उभे होते. कणे गोल, कोपरे धारदार, पाठीवर कापड असं बसलेलं की बोट फिरवावंसं वाटावं. आत्या हाडाच्या पट्टीनं शेवटची घडी बसवत होती. बोटांना चिकटपट्ट्या होत्या आणि चेहऱ्यावर, लेकीनं फार वर्षांत पाहिलं नव्हतं असं, समाधान.

लेकीनं पहिला ग्रंथ उघडला. तो हातावर अलगद, सपाट उघडला. उत्तम शिवलेलं पुस्तक असंच उघडतं, हे मास्तर जेवताना सांगत आणि ती फोनमधून मान वर न करता हं म्हणे. पहिल्याच पानावर तिचा नकार होता.

"चौकट लागली गं याच्यासाठी," दोरेकाका हलकेच म्हणाले. "मास्तरांचं उतरवावं लागलं. दोरा तोडला नाही, गाठ मारून ठेवलाय." त्यांनी कापडात गुंडाळलेलं पुस्तक तिच्या हातात दिलं. सुई कापडात टोचून ठेवली होती.

"आत काय आहे?"

"काही नाही. कोरं आहे. नव्या मुलांना दाखवायला करत होते."

आत्यानं शेजारचं स्टूल पायानं ओढलं. "तासाभराचं काम उरलंय. मी दाखवते. बसतेस?"

"पुढच्या..." लेक म्हणाली आणि थांबली.

खाली टेम्पो उभा होता. सामानाच्या यादीवर सही करायला तिला हाक मारत होते. ती गेली.

ते पुस्तक आता तिच्या कपाटात आहे, सुईसकट. ते दिसलं की ती कपाटाचं दार लगेच लावून घेते. अशा वेळी ती मनातल्या मनात एक हिशेब करते. दहाजण होते, बारा लागत होते. म्हणजे ती गेली असती तरी अकराच झाले असते. हिशेब बिनचूक आहे, आणि त्यानं तिला हमखास झोप लागते. तुम्हालाही लागायला हरकत नाही. तुम्ही गेला असतात तरी अकराच झाले असते.