आत्ताची रेघ

संध्याकाळचे पाच वाजायला आले की रहांगडाले सर खांद्यावरचा दुपट्टा काढून कॉम्प्युटरच्या पडद्यावर टाकायचे. पोपटाच्या पिंजऱ्यावर कापड टाकावं तसा. थोड्या वेळानं काढायचे. "डोळे दुखून राहिले," म्हणायचे. पण बघत बसायचे त्या दुपट्ट्याकडेच, टक लावून.

मी कोल्हापूरकडचा. आठवीत शाळा सुटली. मेव्हण्याच्या ट्रकमधून गोंदियाला आलो आणि सरांनी फोन उचलायच्या कामावर ठेवून घेतलं. किराणा दुकानावरची एक खोली, त्यात आम्ही दोघं. माझ्यासारख्याला कॉम्प्युटरच्या ऑफिसात खुर्ची मिळाली हे मला अजून खरं वाटत नाही. म्हणून मी सरांना फार विचारत नसे. खुर्ची परत मागितली तर?

सर तेव्हा कामठ्याच्या एका राईस मिलसाठी मोबाइलवरचं कॅलेंडर बनवत होते. शेतकऱ्यानं धान भरडायचा नंबर लावायचा, की दिवसाच्या पानावर आपापल्या वेळेच्या चौकटीत त्याचं नाव यायचं. आणि त्या पानावरून एक आडवी लाल रेघ घड्याळाबरोबर खाली सरकत राहायची. आत्ता किती वाजले ते दाखवणारी.

या रेघेवर सरांचा भारी जीव. रंग जुळवायला बाजारातून सुक्या मिरच्या आणून पडद्याला लावून पाहिल्या. भिंतीवर कागद चिकटवून त्यावर लाल दोरा सरकवत बसले. खालचा चहावाला विचारी, "मोबाइलमंदी टाइम दिसते ना जी, मग रेघ कायले?"

"टाइम दिसते. दिवस कुठवर आला ते दिसते का बे?"

मिलनं कॅलेंडर सुरू केलं, त्याच दिवशी माझा फोन खणखणला. कुणी म्हातारे काका होते. "माझं नाव काऊन काटलं जी?"

"नाही काटलं, काका."

"खोटं नोको बोलू! गेटवर पोचलो, मोबाइल पाहिला, तं नावावर लाल लकीर. ट्रॅक्टर वापस आणला. आता घरची बोलून राहिली."

मागोमाग दुसरा, मग तिसरा. ज्याची वेळ येई, रेघ नेमकी त्याच्याच नावावर चढे आणि तो धान घेऊन मुकाट घरी जाई. मिल रिकामी. शेवटी मालकाचा फोन आला, "उद्या बी असंच झालं तं तुमचं कॅलेंडर तुमच्याच भिंतीले लावा!"

मला वाटलं, गेली खुर्ची. सर मात्र हसत होते. "अरे, रेघ हाय ते. काटलं कायले म्हणतात?"

मी भीत भीत म्हणालो, "सर, शाळेच्या हजेरीत माझं नाव असंच काटलं होतं. नावावर लाल रेघ आली की माणूस घरीच जातो."

सरांचं हसू थांबलं. पाच वाजत आले होते. दुपट्टा त्यांच्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी आलो तर सर आधीच बसलेले. रेघ तीच, मिरचीच्या रंगाची. पण नावाजवळ आली की ती नावाच्या मागे बुडी मारायची आणि पलीकडून निघायची. "धानाच्या बांधीत दगड असला तं पाणी कसं जाते? तसं," सर म्हणाले. दुपारी काकांचा फोन आला. "भरडून झालं जी. नाव साबूत होतं."

पाच वाजायला आले. दुपट्टा खांद्यावरच राहिला. पडद्यावर तीच रेघ असलेलं सरांचं स्वतःचं कॅलेंडर मी पहिल्यांदाच पाहत होतो. रोज पाचच्या चौकटीत एकच नाव, 'पिंकी – फोन'. पिंकी त्यांची मुलगी, रायपूरला असते. ते मला चहावाल्यानं सांगितलं होतं. पूर्वी रोज पाचला फोन करायची. तिनं आपल्या मनानं लग्न केलं तेव्हापासून दोघं बोलत नाहीत.

रेघ नावापाशी आली, मागे गेली, पलीकडून निघाली. फोन काही वाजला नाही.

"पाहिलं?" सर म्हणाले. "नाव साबूत हाय."

मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझी माय या टायमाले घरी राहते का?"

"असते."

"मग लाव ना फोन! बसून काय राहिला?"

मी लावला. पलीकडून आई "हॅलो, कोण?" म्हणाली, तेव्हा सरांनी आपली खुर्ची हळूच माझ्या बाजूला ओढली.